कानशिलातला छर्रा

एमआरआयच्या खोलीबाहेर एक कागद भरून घेतात. अंगात कुठे धातू आहे का? पट्टी, स्क्रू, खिळा, गोळी? कागद घेऊन आलेल्या मुलीनं विचारलं आणि मी पटकन ‘नाही’ म्हणालो. खोटं बोलतोय असं तेव्हा वाटलंसुद्धा नाही. बावीस वर्षं एकच उत्तर देत आलेल्या माणसाला ते उत्तर पाठ झालेलं असतं. मी हे लिहायला बसलोय ते त्या एका ‘नाही’पायी. कुणी त्या खोलीबाहेर बाकड्यावर बसलं असेल तर त्यानं आत जाण्याआधी हे वाचावं.

पित्त

मी काशिनाथ. वाशिंदच्या एका कारखान्यात फिटर आहे. गाव मुरबाडहून माळशेजकडे जाताना वैशाखऱ्याच्या अलीकडे. तिथे माझा थोरला भाऊ रघुनाथ, आमचा दादा, शेती बघतो आणि तो गावचा पोलीस पाटीलही आहे. मी, माझी बायको सुमन आणि दोन मुली वाशिंदला खोली घेऊन राहतो. तेव्हा मी अडतीस वर्षांचा होतो आणि माझा पारा कायम चढलेला असायचा.

दुपारच्या पाळीत एक बोल्ट आवळत होतो. एकदम कुणीतरी मागून डोक्यात पाना घातला असं वाटलं. मी खरंच वळून पाहिलं, शिवी तोंडात तयार होती. मागे कुणीच नव्हतं. मग ओकारी आली आणि मी तिथेच जमिनीवर बसलो.

पित्त म्हणून सोडून दिलं. आमच्याकडे डोकं दुखलं की पित्त, चक्कर आली की पित्त. आमसुलाचं पाणी पीत दोन दिवस पडून राहिलो. मान वळेना, उजेड सहन होईना, मुली मोठ्यानं हसल्या तरी अंगावर धावून जावंसं वाटे. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा देताना सुमन माझ्याकडे बघतच राहिली.

“अवो, तुमचा उजवा डोळा मिटलाय. उघडा बघू.”

उघडेना. पापणी शटरसारखी खाली आली होती.

“ह्या पित्त नाय,” ती म्हणाली आणि चहा तसाच ठेवून रिक्षा बघायला गेली.

कल्याणला सीटी स्कॅन झाला. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की मेंदूभोवती रक्त सांडलंय. कुठल्या तरी रक्तवाहिनीला फुगा आला असावा आणि तोच थोडा फुटला असावा. “तुम्ही इथवर चालत आलात हे नशीब समजा,” ते म्हणाले. पुन्हा फुटला तर काय, हे मी विचारलं. त्यांनी चष्मा पुसला आणि मुंबईच्या मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या नावानं चिठ्ठी लिहायला घेतली. उत्तर मला मिळालं होतं.

जोड कुठला

मुंबईच्या वॉर्डात आमच्याकडे बघणाऱ्या डॉक्टर मॅडम तरुण होत्या, पण बोलायला एकदम सरळ. त्या म्हणाल्या, फुगा आहे हे जवळजवळ नक्की. पण कुठल्या फाट्यावर, केवढा, त्याचं तोंड कुठल्या बाजूला, हे दिसल्याशिवाय कवटी उघडता येणार नाही. हे मला समजवायची गरज नव्हती. बंद पाइपलाइन खोलण्याआधी गळती कुठल्या जोडाला आहे ते कळायलाच हवं, नाहीतर सगळा कारखाना पाण्यात.

बघायचे दोन मार्ग होते. एक एमआरआय. त्यात सुई नाही, टोचाटोची नाही, आणि परवाचा नंबर मिळत होता. दुसरा अँजिओग्राफी. जांघेतून नळी घालून थेट मानेपर्यंत न्यायची, रंगाचं औषध सोडायचं आणि फोटो काढायचे. चित्र त्यात सगळ्यात साफ येतं, पण थोडा धोका असतो, आणि त्या यंत्राला आठ दिवसांची रांग होती. मॅडमनी एमआरआय ठरवला. “आधी हे बघू. यात स्पष्ट दिसलं तर आठ दिवस वाचतील. तुमच्यासाठी आठ दिवस खूप असतात.”

म्हणून मी त्या बाकड्यावर बसलो होतो आणि ‘नाही’ म्हणालो होतो. काचेतून आतलं यंत्र दिसत होतं. एका बाईला त्याच्या पोटात सरकवत होते, फक्त पावलं बाहेर राहिली होती. माझा नंबर आला. मी उठलो, तेवढ्यात आतला माणूस माझी सीटीची फिल्म दिव्यासमोर धरून थांबला.

“हे काय आहे?”

उजव्या कानशिलाशी, डोळ्याच्या कडेला, एक पांढराशुभ्र ठिपका होता. त्यातून चारी बाजूंना रेघा फुटल्या होत्या.

“लहानपणी बैलानं शिंग मारलं होतं,” मी म्हणालो.

“शिंग असं चमकत नाही, काका. हा धातू आहे.” त्यानं दार लावून घेतलं.

अर्ध्या तासात मॅडम आल्या. सुमन शेजारी उभी होती. चौदा वर्षं संसार केलेल्या त्या बाईनं माझ्या फाटक्या कानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“बैलच व्हता ना?” तिनं विचारलं.

बैल

बैल नव्हता. शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या गावाची शिकार निघायची. कायद्यानं बंद झाली होती, पण डुकरं भाताची नासाडी करत आणि गाव ऐकत नसे. हाकेवाले रान झोडपत खालून वर यायचे, बंदूकवाले वर दबा धरून बसायचे. त्या वर्षी वर दोघंच होते. आमचे वडील, आबा, यांच्याकडे पीकरक्षणाच्या परवान्याची बंदूक होती, विकतच्या काडतुसांची. दादाकडे कुणाची तरी जुनी ठासणीची बंदूक होती. मी सोळा वर्षांचा, हाकेत. लवकर वर पोचायच्या घाईत रांग सोडून मी मधल्या झुडपांतून घुसलो. झुडूप हललं.

मला दोन आवाज आठवतात. आबा नंतर कायम सांगायचे, दुसरा डोंगराचा पडसाद. “रघ्याची उडाली. माजी उडालीच नाय.”

एका छर्ऱ्यानं कानाची पाळी फाडली. दुसरा कानशिलाला घासून गेला, असं जखम बांधणाऱ्या म्हाताऱ्यानं सांगितलं. तो गेला नव्हता, आतच बसला होता, हे मला कानशील दाबलं की कळायचं. पण आबांनी देवासमोर सगळ्यांना बसवून ठरवलं, पोराला बैलानं मारलं. नाहीतर पोलीस, परवाना, दादाचा तुरुंग. त्या दिवसापासून मुरबाडच्या दवाखान्यात बैल, कारखान्याच्या तपासणीत बैल, सुमनच्या माहेरच्यांनी विचारलं तेव्हाही बैल. गरीब जनावर, त्याचं नाव फुकट बद्दू झालं.

दादानं ती बंदूक नदीच्या डोहात टाकली. आणि आणखी एक झालं, जे मला फार उशिरा कळलं. दादा त्यानंतर माझ्यावर कधी ओरडला नाही. मी पोरकटपणा केला, पेरणीच्या वेळी पळून गेलो, त्याच्या लग्नात भांडण काढलं, पुढे बरी जमीन मागून घेतली, तो फक्त ‘बरं’ म्हणायचा. मला वाटायचं, दादा मवाळ आहे. खरं म्हणजे मी त्याच्या मानेवर बसलो होतो आणि मला ती जागा आवडत होती.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. “मला बंदुकीशी काही देणंघेणं नाही,” त्या म्हणाल्या. “छर्रा कशाचा ते सांगा. शिसं असेल तर एमआरआय करू. लोखंड असेल तर यंत्राचा चुंबक त्याला ओढेल, आणि डोळा तिथून बोटभरही लांब नाही.”

“बाहेरून लोहचुंबक लावून बघू का?” मी विचारलं. फिटरचं डोकं.

“तुमच्या डोक्याशी कुणी खेळणार नाही,” त्या म्हणाल्या. “ज्यानं बंदूक भरली त्याला विचारा.”

पोलीस पाटील

गावात फोन एकच होता, दुकानात. सुमननं निरोप ठेवला. ‘काशाच्या डोक्यात काय भरलं व्हतं ते डॉक्टर विचारतात’ एवढाच. दुकानात दहा माणसं असतात. दादाला तो निरोप कसा पोचला असेल, याचा मी तेव्हा विचारही केला नाही. मला फक्त वाटत होतं की हा येणार नाही. येईल कशाला? पोलीस पाटलानं मुंबईत येऊन सांगायचं, मी बिनपरवान्याची बंदूक चालवली आणि भावाला मारली?

दुसऱ्या दिवशी दुपारी तो आला. धुतलेला सदरा, हातात टोपी. माझ्याकडे न बघता सरळ मॅडमसमोर जाऊन उभा राहिला.

“मीच मारली,” तो म्हणाला. “सायकलचे छर्रे व्हते. माजा तवा नाक्यावर सायकलचा दुकान व्हता. चाकातले छर्रे काढून भरायचो.”

“नक्की? शिशाचे नाहीत?”

“शिसा आमाला कुठला परवडतो, बाई. पोलादच.”

मॅडमनी कागदावर काहीतरी खोडलं. एमआरआय गेला. आता अँजिओग्राफीची रांग, आठ दिवस. दादा जागचा हलला नाही.

“एक इचारू? तेच्यामुलंच झाला का ह्या? तो फुगा?”

त्याचा आवाज मी कधी असा ऐकला नव्हता. मॅडमनी फिल्म उचलून त्याला दाखवली. छर्रा कवटीच्या बाहेर, मांसात आहे. फुगा आत, खोल, मेंदूच्या बुडाशी. एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. “हे असं कुणालाही होतं. तुमच्यामुळे नाही झालेलं.”

दादा खाली बसला. फरशीवरच. टोपीनं तोंड पुसत राहिला आणि मी पहिल्यांदा त्याला रडताना पाहिलं. मला वाईट वाटलं, असं लिहिलं तर शोभेल. पण खरं सांगायचं तर मला राग आला होता. त्याच्या सायकलच्या छर्ऱ्यापायी मला आठ दिवस थांबायचं होतं.

आठ दिवस

आठ दिवस पाठीवर. उठायचं नाही, खोकायचं नाही, जोर करायचा नाही, चिडायचं नाही. शेवटचं माझ्याकडून व्हायचं कसं? लघवी भांड्यात, बाकीचंही भांड्यात, आणि जोर लागू नये म्हणून औषध. शिंक आली की सुमनचा चेहरा पांढरा पडायचा. वरच्या छताला ओल आलेला एक डाग होता. त्याचा काठ मी डोळ्यांनी इतक्या वेळा गिरवला की आजही काढून दाखवीन. माझ्या आत, उजव्या डोळ्यामागे, काहीतरी पातळ होत चाललं होतं, आणि मला त्याच्यापासून हातभरही दूर सरकता येत नव्हतं. आगीपासून माणूस पळतो, पुरातून पळतो. स्वतःच्या डोक्यातून कुठे पळणार?

चौथ्या दिवशी समोरच्या खाटेवरचे गृहस्थ, त्यांनाही हेच होतं, सकाळी बायकोशी बोलता बोलता गप्प झाले. पडदा ओढला गेला. दुपारी खाट रिकामी होती आणि आया चादर बदलत होती. मी सुमनला म्हणालो, मला घरी ने. मरायचंच तर वाशिंदला मरतो. ती म्हणाली, “नेते. आधी उठून दावा.” मला हसू आलं, आणि हसायचीही बंदी होती.

दादा घरी गेला नाही. खाटेशेजारी फरशीवर आठ दिवस. आमची वहिनी गावाहून तांदळाची पेज डब्यात पाठवायची, वैशाखऱ्याच्या एसटीनं कल्याणला आणि तिथून कुणाच्या तरी हाती. दादा ती चमच्यानं भरवायचा. मीठ कमी आहे म्हणून मी एकदा त्याला वाटेल ते बोललो. तो ‘बरं’ म्हणाला आणि मीठ आणायला गेला.

सुमननं तेवढ्यात माझ्यावर डोळे वटारले. “तो माणूस आठ दिस फरशीवर निजतोय. तुमचा डोका फुटायचा तवा फुटल, त्याचा आतून कवाचा फुटलाय.”

मी छताकडे बघत राहिलो.

वजाबाकी

अँजिओग्राफीबद्दल फार भिऊ नका. दुखतं ते सुई टोचताना, तेवढंच. माणूस जागा असतो. रंग सोडला की अर्ध्या चेहऱ्यात गरम पाणी ओतल्यासारखं होतं, डोळ्यांपुढे चकाकतं आणि ते ओरडतात, “श्वास रोखा, हलू नका.” असं पुन्हा पुन्हा. खरा तुरुंग नंतर असतो. जांघेवर वाळूची पिशवी, पाय सरळ आणि सहा तास वाकवायचा नाही. मी मिनिटं मोजली. दादानं माझ्या पायाचा अंगठा धरून ठेवला होता, चुकून पाय दुमडू नये म्हणून.

मॅडमनी नंतर फोटो दाखवले. त्या यंत्राची गंमत अशी की रंग सोडण्याआधीचं चित्र ते नंतरच्या चित्रातून वजा करतं. हाडं जातात, दात जातात, राहतात फक्त रक्तवाहिन्या. पानं गळलेलं झाड दिसावं तशा. एका फाट्यावर तुरीच्या दाण्याएवढा गोळा होता, त्याला बारीक मान, तोंड मागे. “आता कुठे जायचं ते कळलं,” त्या म्हणाल्या.

मी कानशिलाची जागा शोधत होतो. छर्रा नव्हता. हाडांबरोबर तोही वजा झाला होता. बावीस वर्षांत माझ्या डोक्याचं पहिलं चित्र, ज्यात तो नव्हता.

दोन दिवसांनी ऑपरेशन झालं. त्यातलं मला काही आठवत नाही, आणि आठवत नाही ते बरंच आहे. फुग्याच्या मानेला छोटा चिमटा लावला. कानशिलाचं मांस बाजूला करताना छर्रा वाटेतच आला, म्हणून तोही काढला. शुद्धीवर आल्यावर पहिली दिसली सुमन, दोन दोन. मी म्हणालो, एकच पुरे होती. ती रडली आणि मग बाहेर जाऊन दादाला सांगून आली की स्वभाव शाबूत आहे.

निघताना मॅडमनी इंजेक्शनच्या रिकाम्या बाटलीत छर्रा घालून दिला. “सांभाळा. आता खुशाल खरं सांगा.”

चुंबक

पापणी उघडायला तीन महिने लागले. कामावर गेलो तेव्हा हलकं काम दिलं, हत्यारांच्या खोलीत. तिथे खाली पडलेल्या चकत्या उचलायला एक लोहचुंबक असतो. बाटली खिशातच होती. सहज, अगदी सहज, छर्रा टेबलावर ओतला आणि चुंबक जवळ नेला.

छर्रा हलला नाही.

चुंबक टेकवला, घासला. काही नाही. शेजारी एक वॉशर होतं, ते टुणकन उडून चिकटलं. मग मी छर्रा नीट पाहिला. इतके दिवस पाहिलाच नव्हता. काळपट, एका बाजूनं चपटा. नख दाबलं तर ओरखडा उठला. सायकलच्या छर्ऱ्यावर नख चालत नाही, हे फिटरला कुणी सांगावं लागत नाही. हे शिसं होतं. विकतच्या काडतुसातलं शिसं. आणि विकतची काडतुसं त्या दिवशी रानात एकाच बंदुकीत होती.

दोन आवाज. डोंगर गोळी मारत नाही.

आबांना जाऊन सहा वर्षं झाली होती. मी हत्यारांच्या खोलीत उभा राहून मेलेल्या बापाला शिव्या दिल्या. देऊ नयेत, पण दिल्या. मला मारल्याबद्दल नाही. ती चूक होती, रानात होते. पण थोरल्या पोराच्या गळ्यात ती बांधून हा माणूस सोळा वर्षं त्याच्या समोर बसून जेवला. आणि मी? मी त्या गळ्यातल्या दोरीला धरून त्याला हवं तिकडे वळवत आलो.

आता हे दादाला सांगायचं की नाही? आठवडाभर बाटली खिशात घेऊन फिरलो. सांगितलं तर त्याचे आबा जातात. नाही सांगितलं तर दादा जातो. सुमनला विचारलं. ती म्हणाली, “तुमी पुन्हा बैल आनताय घरात.”

रविवारी गावी गेलो. दादा अंगणात खाटेची दोरी ताणत बसला होता. त्याच्यासमोर जमिनीवर छर्रा ठेवला, शेजारी एक सायकलचा छर्रा ठेवला आणि चुंबक त्याच्या हातात दिला. त्यानं सायकलच्या छर्ऱ्यावर धरला, तो उडाला. दुसऱ्यावर धरला. मग पुन्हा धरला. तिसऱ्यांदा धरला आणि चुंबक खाली ठेवला.

वहिनी दारात येऊन परत आत गेली.

“शेवटचे दोन दिस आबा माजा हात सोडीत नव्हते,” दादा म्हणाला. “ओठ हलायचे. मला वाटला, पानी मागतात. मी पानी पाजीत ऱ्हायलो.”

त्यानं दोन्ही छर्रे उचलून खिशात टाकले आणि पुन्हा दोरी ताणायला लागला. त्याला मोकळं वाटलं की जड, मला कळलं नाही. बाजूला पाण्यानं भरलेला हंडा होता. काहीतरी करायचं म्हणून मी वाकलो आणि तो उचलायला गेलो.

“ठेव तो खाली, गाढवा!” दादा असा ओरडला की झाडावरचे कावळे उडाले. “डॉक्टरनं जड उचलायचा नाय म्हनून सांगितला ना? अक्कल काय त्या बाटलीत भरून ठेवलीस? परत डोका फोडून घ्यायचाय? बस तितं गप!”

मी हंडा ठेवला आणि सांगितलं तिथे गप बसलो.